खडकावर नजर ठेवणारे वरचे काका

प्रिय रेवा आणि ओम,

परवा फोनवर रेवाने सांगितलं की कॉलेजात तिला जावामध्ये एक प्रोग्रॅम लिहायचा आहे. आकड्यांचा ॲरे, म्हणजे रांग, द्यायची आणि त्यातून सगळ्यात लांब उतरता क्रम शोधायचा. मी म्हटलं, "ते मला येतं." त्यावर रेवा हसतच सुटली, आणि ओमने मागून विचारलं, "आजी, तू इंग्लिशची टीचर होतीस ना?"

होते. जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलं, आणि कॉम्प्युटरशी माझा संबंध तुमचे फोटो बघण्यापुरताच आहे. तरी तो उतरता क्रम मला येतो. तो ज्यांच्याकडून आला, त्यांच्याविषयी तुम्हाला सांगायचं राहून गेलं आहे. तुमची आई म्हणायची, "मुलं लहान आहेत, झोपेत दचकतील. मोठी झाली की सांग." फोन ठेवल्यावर मी तिला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "सांग आता." म्हणून लिहिते आहे. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, तो लागू द्या.

मदन महल मोहल्ल्यातल्या आपल्या घरात वरच्या मजल्यावर ते भाड्याने राहत. सगळे त्यांना वरचे काका म्हणत. एकटे होते. संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणी विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि नापास करायच्या, हे त्यांचं काम. ती सवय निवृत्तीनंतर घरी आली आणि जिन्यापासून छतापर्यंत आमचं सगळं घर तपासणीखाली आलं.

जिना उतरताना ते प्रत्येक पायरीवर आधी चपलेचं टोक टेकवत, थोडा भार देऊन बघत, मग पाऊल ठेवत. जिना दगडी होता. कोणाकडेही गेले की दाराजवळची खुर्ची धरत. पंख्याखाली तर कधीच बसले नाहीत. मे महिन्यात फरशीसुद्धा तापलेली असायची, आणि हे कोपऱ्यात पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले.

"वहिनी, तो पंख्याचा हुक कोणी बसवला?"

"मला काय माहीत? घर बांधलं तेव्हाचा आहे."

"मग मी इथंच बरा."

तुमचे आजोबा रेल्वेत होते. बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं. त्यांना वरच्या काकांची चेष्टा केल्याशिवाय चहा गोड लागत नसे. "अहो, इतकं भिऊन तुम्ही जिवंत कसे राहिले?" असं ते विचारत.

"भिऊनच राहिलो ना, भाऊ," काका म्हणत. ते कधी चिडत नसत.

त्यांचं एक आवडतं बोलणं होतं. "एकदम काही पडत नाही, वहिनी. आधी थोडं थोडं उतरते. मधात एखादा चढ आला का आपण भुलतो." हे ते भाजीच्या भावाबद्दल म्हणत, नर्मदेच्या पाण्याबद्दल म्हणत, शेजारच्या आजारी बाईंच्या तब्येतीबद्दलही म्हणत. आणि शांतपणे बशीतला चहा पीत.

निवृत्तीनंतर ते स्टेशनजवळच्या एका कोचिंग क्लासात कॉलेजच्या पोरांमध्ये बसून जावा शिकले. पोरं त्यांना अंकलजी म्हणत आणि परीक्षेच्या आधी त्यांच्याकडून शंका सोडवून घेत. मी विचारलं, जावाच काहून? तर म्हणाले, "ही भाषा आधी टोकते, वहिनी. डब्यात आकडा ठेवणार का अक्षर, ते पहिले सांगा म्हणते. ॲरेच्या बाहेर पाय टाकला का जागीच थांबवते. माणसाइतकी बेफिकीर नाही ती."

आता खडकाकडे येते.

आपल्या घरामागून टेकडी सुरू होते. तिथले ते काळे, गोल, एकावर एक ठेवल्यासारखे खडक तुम्ही फोटोत पाहिलेत. तसाच एक आपल्या मागच्या खोलीच्या भिंतीला लागून होता, खोलीपेक्षा उंच. भिंत आणि खडक यांच्यामध्ये माणूस अंग चोरून जाऊ शकेल एवढीच बोळ. त्या बोळीत कूलरचं पाणी ठिबकायचं आणि मोरीचा पाइप सुटायचा, त्यामुळे तिथे बारा महिने ओल आणि शेवाळ. ती खोली आजोबांनी मागाहून वाढवलेली. उतारावर भराव घालून जमीन सपाट केली, विटांच्या भिंती उभ्या केल्या, वर लोखंडी गर्डर टाकून दगडी फरश्या बसवल्या. घरातली सगळ्यात थंड खोली ती. उन्हाळ्यात दुपारी सगळे तिथेच आडवे होत.

वरच्या काकांनी सामान लावायच्या आधी गच्चीतून तो खडक पाहिला. दुसऱ्या दिवशी ते बोळीत शिरले. भिंतीत एक खिळा ठोकला, खडकावर समोरासमोर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि त्या दोघांमधलं अंतर मोजलं. मोजायला त्यांनी स्वतः एक यंत्र बनवलं होतं, एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचं. मग रोज सकाळी आंघोळीआधी ते बोळीत जात. आजोबा खिडकीतून ओरडत, "काय म्हणते आज खडक? येऊन राहिला का चालत?"

काका वर जाऊन आकडा कॉम्प्युटरमध्ये भरत. मिलिमीटरचे दहा भाग करून पूर्णांकात भरत, कारण दशांश चिन्हावर त्यांचा भरवसा नव्हता.

कित्येक महिने असे गेले. मग एका सकाळी त्यांनी मला वर बोलावलं. "तुम्ही डबे उंचीने लावता वहिनी, तुम्हाला हे समजेल," म्हणाले. पडद्यावर आकड्यांची लांबच लांब रांग होती. कधी वर, कधी खाली. उन्हाने वस्तू फुगतात, थंडीने आकसतात, हातही रोज सारखा नसतो, त्यामुळे अंतर आज थोडं जास्त, उद्या थोडं कमी. मला त्यात काहीच दिसेना.

"हे पहा," त्यांनी एका कागदाच्या कपट्यावर लिहिलं: नऊ, चार, सात, पाच, आठ, तीन. "यातून उतरता क्रम काढा. मधले गाळले तरी चालतील, पण जागा बदलायची नाही."

मी म्हटलं, "नऊ, चार, तीन."

"याहून लांब?"

मी बघत राहिले. "नऊ, सात, पाच, तीन," ते म्हणाले. "तुम्ही चार घ्यायची घाई केली. त्यानं तुम्हाला एकदम खाली नेलं, मग पुढं उतरायला जागाच उरली नाही. घाईनं उतरणाऱ्याच्या मागं जायचं नाही."

रेवा, तुझे सर कसं शिकवतात माहीत नाही. काकांनी मला असं शिकवलं. प्रत्येक आकड्याने मागे वळून, आपल्यापेक्षा जे मोठे आहेत त्या सगळ्यांना विचारायचं, तुझ्यापर्यंत किती जणांची रांग झाली? ज्याची रांग सगळ्यात लांब, त्याच्या मागे आपण उभं राहायचं आणि त्याचं नाव लक्षात ठेवायचं. मागे मोठं कोणीच नसेल तर आपण एकटे, रांग एकाची. शेवटी सगळ्यात लांब रांग कोणाची ते बघायचं आणि लक्षात ठेवलेल्या नावांवरून उलटं मागे जायचं. यासाठी जावामध्ये एकात एक अशी दोन चक्रं फिरतात. बाहेरचं एकेका आकड्याला उभं करतं, आतलं त्याला मागच्या सगळ्यांकडे फिरवून आणतं. बस, एवढंच.

काकांनी एक कळ दाबली. गोंधळातून निवडलेले आकडे पडद्यावर एकाखाली एक उभे राहिले. प्रत्येक आधीच्याहून लहान. जिन्यासारखे, खाली, खाली, पडद्याच्या बाहेर.

"म्हणजे काय?" मी विचारलं, जरी मला समजलं होतं.

"म्हणजे खडक येऊन राहिला, वहिनी. खूप हळू."

"सरासरी काढून बघा ना. कदाचित—"

"सरासरी सगळ्यांची समजूत घालते. ती नको मला."

त्या दिवशी मी मागच्या खोलीत दुपारची आडवी झाले आणि उठून बसले. भिंतीपलीकडे तो होता. इतकी वर्षं तो तिथे होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून झोपत होते.

आजोबांना सांगितलं तर ते हसले, पण नेहमीइतकं मोठ्याने नाही. संध्याकाळी काका चहाला आले तेव्हा आजोबांनी त्यांना गाठलंच. "साहेब, तुम्ही चढलेले आकडे गाळून टाकता. मग उरतील ते उतरतेच ना! मी तुम्हाला लग्नपत्रिकेतल्या तारखांतून उतरता क्रम काढून देतो. द्या पत्रिका!"

काकांनी कप खाली ठेवला. "हे बरोबर आहे, भाऊ," एवढंच बोलून उठले. मला वाटलं, सुटलो.

दोन दिवस ते खाली आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते थेट आजोबांसमोर उभे राहिले, पंख्याखाली. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

"भाऊ, तुमचं म्हणणं तपासलं. तेच आकडे पत्त्यांसारखे पिसले. कॉम्प्युटरला म्हटलं पिस, आणि काढ उतरता क्रम. पुन्हा पिस, पुन्हा काढ. हजारो वेळा."

"मग? निघाला ना?"

"निघाला. दर वेळेस निघाला. तुम्ही म्हणता तसंच. पण आखूड. आपल्या खऱ्या रांगेत जेवढा लांब निघते, तेवढा एकदाही नाही." "पिसल्यावर जे जाते, ते आकड्यांत नव्हतं, भाऊ. ते क्रमात होतं. म्हणजे उतरणं खरं आहे."

आजोबा हसले नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं की तेही घाबरले आहेत. ते घाबरल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मिस्त्रीला बोलावलं. तो जुना, आमच्या घराची नस न् नस माहीत असलेला. त्याने खडकाला थोपटलं, मान हलवली आणि म्हणाला, "बाबूजी, मुझे तो नहीं लगता. पर आप कहते हो तो लगा देते हैं." बोळीत, खडक आणि भिंत यांच्यामध्ये, जाड लाकडी बल्ल्या आडव्या बसवल्या आणि पाचरी ठोकून घट्ट केल्या. खडक सरकलाच तर भिंतीने त्याला धरावं, असा विचार. मोहल्ल्यात आम्हाला टेकूवाले म्हणू लागले. दूधवाला रोज विचारी, "माताजी, पहाड़ रुका?"

पहाड़ खरंच थांबला. टेकू लावल्यावर आकडे उतरायचे थांबले. किंचित वर-खाली होत, पण उतरत्या रांगेत नवा आकडा येईना. काका त्या दिवसांत जवळजवळ आनंदी होते. मोरीजवळ उभे राहून मला म्हणाले, "धरलं, वहिनी. आपण त्याला धरलं."

मे महिन्यात तुम्ही आलात. रेवा पहिलीत जाणार होती आणि ओमला अजून नीट बोलता येत नव्हतं. आल्या आल्या तुमची आई मागे गेली आणि टेकू बघून पांढरी पडली. "आई, हे काय? आणि याच्या खाली मुलं झोपवायची?"

"अगं, पुढच्या खोल्यांत तर भाजून निघतील."

"ते ठीक आहे, पण मला कोणी जाणकार माणूस दाखवा. काकांच्या कॉम्प्युटरवर मी मुलं झोपवणार नाही."

तिचं बरोबर होतं. आजोबांच्या ओळखीत एक निवृत्त प्राध्यापक होते, भूगर्भशास्त्राचे. ते हातोडी घेऊन आले. खडकाभोवती फिरले, शेवाळ खरवडलं, खाली वाकून मातीत हात घातला, हातोडीने ठोकून कान लावला. काका जिन्याच्या तळाशी उभे होते. निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तसे.

"भाभीजी, आराम से सोइए," प्राध्यापक म्हणाले. "ये अलग पत्थर है ही नहीं. नीचे से पहाड़ ही है, ऊपर से गोल हो गया है बस. ये कहीं नहीं जा रहा."

"हिला भी नहीं होगा? थोड़ा सा?" काकांनी विचारलं.

"बाल बराबर नहीं."

आजोबांचा इतक्या दिवसांचा धरलेला श्वास सुटला आणि त्याबरोबर जीभही. "सुना आपने? और हम समझे पहाड़ चाय पीने आ रहा है!" शेजारची दोन माणसं कुंपणापाशी उभी होती, ती हसली. मीही हसले, भीती उतरल्यावर माणूस हसतो तसं. काका तेवढे हसले नाहीत. एकेक पायरी तपासत ते वर गेले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासाठी ताट नेलं. ते कॉम्प्युटरसमोर बसले होते. "खडक हलला नाही," ते म्हणाले. "आणि अंतर कमी झालं. दोन्ही खरं कसं असेल, वहिनी?"

मी म्हटलं, "मोजण्यात काही तरी चूक झाली असेल. जेवून घ्या."

"मोजण्यात नाही," ते म्हणाले. ताटाकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांनी मिस्त्रीला टेकू काढायला बोलावलं. घाई अशी की बल्ल्यांमुळे कूलरमागे हात जात नव्हता, वारा अडत होता, आणि मोहल्ल्याला आणखी एक दिवस हसू द्यायची त्यांची तयारी नव्हती. तुमची आई सदर बाजारात खरेदीला गेली होती. तुम्ही दोघं जेवून मागच्या खोलीत पलंगावर झोपला होता, ओमचा पाय रेवाच्या पोटावर. बाहेर ठोकाठोकी सुरू झाली, म्हणून मी दार ओढून घेतलं. ते अडलं. ते हल्ली अडायचंच. मी जोर लावून ओढलं आणि ते फरशीवर खरखरत मिटलं.

वरून काकांचा आवाज आला. "वहिनी, काय वाजलं?"

"काही नाही, मागचं दार. अडतं."

"कधीपासून?"

"होळीपासून असेल. यांनी दोनदा रंधा मारला, तरी पुन्हा अडतं."

वर खुर्ची पडल्याचा आवाज, आणि जिन्यावर धाडधाड पावलं. मला वाटलं कोणी परका माणूस घरात शिरला, कारण त्या जिन्यावर काकांना असं उतरताना मी कधी ऐकलं नव्हतं. ते माझ्या बाजूने धावत परसात गेले, मी त्यांच्या मागोमाग, आणि बोळीच्या तोंडाशी ते ओरडले, "ठोकू नका! भाऊ, ठोकू नका! रुको!"

एक बल्ली निघून बाजूला पडली होती. मिस्त्रीचा माणूस दुसरीच्या पाचरीवर घण घालत होता.

"आता काय झालं, साहेब?" आजोबा वैतागून म्हणाले. "खडक काही करत नाही, सांगितलं ना त्यांनी!"

"खडक नाही! भिंत! भिंत येऊन राहिली खडकाकडे, म्हणून दार अडते! टेकूनं खडक नाही धरला भाऊ, भिंत धरली आहे!"

मिस्त्रीने आपल्या माणसाचा हात धरला. त्याने पाचरीला बोट लावलं, बल्लीवर तळहात ठेवला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तो अगदी हळू आवाजात बोलला, जणू मोठ्याने बोललं तर काही तरी होईल. "बाबूजी, इस पर पूरा बोझ है. अंदर कोई है क्या?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी दाराकडे धावले. ते उघडेना. मी दोन्ही हातांनी ढकलत होते आणि ते फरशीत रुतल्यासारखं झालं होतं. आत कूलर घरघरत होता, त्या आवाजात दुसरा एक आवाज होता, कोणी तरी सावकाश कागद फाडावा तसा. काका माझ्यामागून आले, त्यांनी दाराला खांदा दिला, पुन्हा दिला, आणि ते अर्धवट उघडलं. त्या फटीतून मी आत शिरले. वर, जिथे फरश्या भिंतीवर टेकतात, तिथे एक काळी रेघ होती. सकाळी ती नव्हती. चुन्याची बारीक पूड खाली येत होती. ओमच्या गालावर ती पडली होती आणि तो झोपेत तोंड हलवत होता.

पंख्याखाली न बसणारे वरचे काका त्या छताखाली आले. त्यांनी वर पाहिलं नाही. ओमला उचललं, मी रेवाला. रेवा, तू जागी झालीस आणि म्हणालीस, "आजी, पाणी." मी तुला इतकं घट्ट धरलं होतं की तू रडायला लागलीस. दाराच्या फटीतून आधी तुला बाहेर सरकवलं, मग काकांनी ओमला माझ्या हातात दिला, शेवटी ते स्वतः आले. आम्ही अंगणातून, फाटकातून, रस्ता ओलांडून समोरच्या झाडाखाली जाऊन उभे राहिलो, तिथूनही आणखी लांब जावं असं मला वाटत होतं. आजोबा हातात घण घेऊन उभे होते. तो त्यांनी कधी उचलला, त्यांनाही माहीत नव्हतं.

ती खोली लगेच पडली नाही. त्याचीच भीती मला आजही वाटते. तुमची आई रिक्षातून उतरली, पिशव्या खाली ठेवल्या, काय झालं विचारू लागली, एवढा वेळ गेला. घर तसंच उभं होतं, शहाण्यासारखं. एका शेजाऱ्याने म्हटलंसुद्धा, "अरे, कुछ नहीं होता, आप लोग बेकार में." मग बल्ली मोडल्याचा आवाज आला. मागची भिंत झुकून खडकाला टेकली, आणि तिच्यावर टेकलेल्या फरश्या एकेक करून खाली गेल्या. धूळ रस्त्यापर्यंत आली; रेवा, तुला ती कदाचित पुसट आठवत असेल. कूलर तसाच घरघरत राहिला, कोणी तरी जाऊन मेन स्विच बंद करेपर्यंत. पलंग नंतर पाहिला. त्याबद्दल लिहीत नाही.

मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी उकरून दाखवलं. कूलरचं आणि मोरीचं पाणी वर्षानुवर्षं बोळीत मुरून भरावाची माती तिथे चिखल झाली होती. भिंतीचा पाया खडकाच्या बाजूने खचत होता. तिला हात देणारं तिथे दुसरं काही नव्हतं, फक्त आमचे टेकू, जे आम्ही खडकाला अडवायला लावले होते.

बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी काका आणि आजोबा व्हरांड्यात बसले होते तेव्हा आजोबा म्हणाले, "साहेब, तुमचा कॉम्प्युटर बरोबर होता."

"तो बरोबर होता," काका म्हणाले. "मी नव्हतो. अंतराला दोन टोकं असतात, भाऊ. मी एकाकडेच पाहत राहिलो. एक टोक तुमचं घर होतं, आणि घर हलते असं माझ्या मनातच आलं नाही. खिळा तर मीच ठोकला होता त्यात."

त्यानंतर त्यांची भीती कमी होईल असं मला वाटलं होतं. ती वाढली. पूर्वी ते वस्तूंना भीत, आता स्वतःच्या खात्रीला भिऊ लागले. रंगाच्या डब्यावर झाकण बसवून आले तरी परत जाऊन बघत. मोजणं सोडलं नाही. पुढच्या घराच्या चारी कोपऱ्यांना खुणा केल्या, आणि त्या एकमेकांपासून न मोजता रस्त्यापलीकडच्या दगडी पारावरून मोजत. तुमची आई दर रविवारी फोन करून आधी मला विचारे, "काकांनी काय सांगितलं?" आणि मगच माझी तब्येत.

आजोबांच्या नंतर दोन वर्षांनी ते गेले, हिवाळ्यात, आजारपणात, अंथरुणावर. पुतण्या आला होता, त्याने नर्मदेवर ग्वारीघाटला सगळे अंत्यविधी नीट केले आणि कॉम्प्युटर भंगारात दिला. मी अडवलं नाही. दोन चक्रांचा तो प्रोग्रॅम मला पाठ होता, त्यासाठी यंत्र ठेवायची गरज नव्हती. रेवा, तुझं उत्तर माझ्याशी ताडून बघायचं असेल तर फोन कर. फक्त आकडे कशाचे आहेत ते आधी सांग.

मी अजून दुपारी झोपत नाही. कोणाकडे राहायला गेले की दारं उघडून-मिटून बघते, आणि एखादं अडलं तर काही तरी कारण काढून उठते. लोक म्हणतात, वय झालं. म्हणू देत.

मागची खोली पुन्हा बांधली नाही. खडक होता तिथे आहे, पुढचं घर उभं आहे, आणि तुम्ही दोघं आहात.

तुमची,
आजी